गावाचं स्वतःचं फायबर टाकायचंय? मग कर्ज कसं काढायचं ते नीट बघा

छोट्या गावात कंपनी इंटरनेटचं फायबर का टाकत नाही याचं उत्तर सरळ आहे, तिला घातलेले पैसे थोड्या वर्षांत परत हवे असतात आणि घरं लांबलांब असली की ते जमत नाही. नगरपालिकेला तेवढी घाई नसते. पाण्याची लाइन, शाळेची इमारत, ड्रेनेज हे सगळं ती वीस-वीस तीस-तीस वर्षांच्या कर्जावर बांधतच आलीये, आणि जमिनीत गेलेली फायबर केबलसुद्धा तेवढी वर्षं आरामात चालते, बदलावी लागतात ती फक्त दोन टोकांची मशीन. म्हणून कंपनीला न परवडणारं काम गावाला परवडू शकतं. शकतं म्हणतोय, परवडतंच असं नाही, कारण याच पद्धतीने काही गावं उभी राहिली आणि काही चांगलीच तोंडघशी पडलीयेत, आणि दोघांत फरक टेक्नॉलॉजीचा नव्हता, कर्ज कोणाच्या जिवावर काढलं आणि कस्टमर किती येतील हे कोणत्या आधारावर धरलं याचा होता.

हा अनुभव सगळ्यात जास्त अमेरिकेतल्या गावांकडे आहे कारण तिथे नगरपालिकेने बाजारात कर्जरोखे म्हणजे बाँड विकणं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे उदाहरणं आणि नियम बहुतेक तिथलेच देतोय. तुमच्याकडचा कायदा वेगळा असला तरी प्रश्न तेच पडणार आहेत.

पहिला प्रश्न: कस्टमर आले नाहीत तर हप्ता कोण भरणार

बाकी सगळं नंतर, हे आधी ठरवा. बाँड विकत घेणारा पहिलं हेच विचारतो आणि व्याजदरही यावरच ठरतो.

जनरल ऑब्लिगेशन बाँड म्हणजे नगरपालिका आपला संपूर्ण शब्द देते, इंटरनेटमधून पैसे आले नाहीत तर घरपट्टी वाढवून भरू असं सांगते. व्याज सगळ्यात कमी लागतं पण धोका अख्ख्या गावावर, कनेक्शन न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसावर पण. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी यासाठी लोकांचं मतदान सक्तीचं असतं आणि ते असायलाच पाहिजे असं माझं मत आहे. मॅसॅच्युसेट्समधलं लेव्हरेट हे साधारण दोन हजार वस्तीचं गाव, तिथे २०१२ मध्ये ३६ लाख डॉलरच्या कर्जावर लोकांचं मतदान झालं, ४६२ हो आणि ९० नाही, आणि ते कर्ज वीस वर्षांत घरपट्टीत थोडं थोडं मिळवून फेडायचं ठरलं. इथे लोकांनी इंटरनेटला रस्त्यासारखं धरलं, सगळ्यांसाठी आहे तर सगळ्यांनी भरायचं. लहान गावात जिथे जवळपास प्रत्येक घराला कनेक्शन हवंच आहे तिथे मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

रेव्हेन्यू बाँड म्हणजे फक्त इंटरनेटच्या कमाईतूनच फेडणार, कर लावणार नाही. व्याज जास्त, गुंतवणूकदार शंभर प्रश्न विचारतात, नवीन धंद्याला तर कधीकधी कोणी उभंच करत नाही. पण गाडी रुळावरून घसरली तर कागदावर तरी नुकसान बाँडवाल्यांचं. मिनेसोटातल्या मॉन्टिसेलोने २००८ मध्ये २ कोटी ६४ लाख डॉलरचे असे बाँड विकले, तिथल्या टेलिफोन कंपनीने लगेच कोर्टात केस टाकली, गावाचे पैसे अडकून पडले आणि त्या वेळात कंपनीने स्वतःचंच फायबर गावात टाकून घेतलं. मग दरांची मारामारी. २०१२ मध्ये गावाने हप्त्यांची तूट भरणं थांबवलं आणि शेवटी तडजोड झाली त्यात बाँडवाल्यांच्या हाती पाचव्या हिश्श्याच्या आसपास रक्कम आली. गावाने ही तूट काही काळ स्वतःहून भरली होती हे लक्षात घ्या, कायद्याने बांधील नसलं तरी गावाच्या नावाला बट्टा लागतो म्हणून भरावीशी वाटतेच, त्यामुळे रेव्हेन्यू बाँड म्हणजे गाव पूर्ण मोकळं असं समजून कोणी बसू नये.

गावाची स्वतःची वीज कंपनी असेल तर मधला एक रस्ता निघतो आणि माझ्या मते सगळ्यात मजबूत रस्ता हाच आहे. टेनेसीतलं चॅटानुगा, तिथल्या शहराच्या वीज मंडळाने म्हणजे ईपीबीने २००८ मध्ये साधारण २२ कोटी डॉलरचे बाँड काढले, वर केंद्र सरकारकडून स्मार्ट ग्रिडसाठी, म्हणजे विजेचं जाळं आधुनिक करायला, ११ कोटींच्या वर अनुदान मिळालं, आणि २०१० मध्ये आपल्या सगळ्या भागात १ गिगाबिट स्पीड देऊन मोकळे झाले, तेही अमेरिकेत सगळ्यांच्या आधी. हेच फायबर विजेच्या जाळ्यात बिघाड कुठे झाला ते शोधून पुरवठा आपोआप दुसरीकडून वळवायलाही वापरलं जातं, म्हणजे खर्चाचा बराच भाग विजेच्या कामाचाच होता आणि हप्ता भरायला विजेची बिलं होती. कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सने पण २०१८ मध्ये वीज विभागाच्याच आधाराने रोखे काढले. तुमच्या गावाकडे वीज नाही पण पाणी आहे, तर पाण्याचं उत्पन्न तारण ठेवायचा मोह होईल, तो मोह टाळा कारण पाण्याच्या पाइपला फायबरचा तेवढा उपयोग नाही आणि लोकांचं पाणी महाग करून इंटरनेटची तूट भरणं फार वाईट दिसतं, आणि वाईट आहेच.

सेल्स टॅक्स तारण ठेवायचं काम युटामधल्या गावांनी केलं. बऱ्याच गावांनी एकत्र येऊन युटोपिया नावाची संस्था काढली आणि त्यातल्या अकरा गावांनी आपापल्या सेल्स टॅक्सची हमी दिली. सुरुवातीला कनेक्शन अंदाजापेक्षा फार कमी झाली आणि हमीचे पैसे गावांना खरंच भरावे लागले, वर्षानुवर्षं. पुढे त्यांनी पद्धत बदलली, आधी पुरेशी मागणी दाखवा मग बांधकाम, आणि तेव्हापासून गाडी नीट चालायला लागली. त्याच राज्यातल्या प्रोव्होने २००४ मध्ये साधारण ३.९ कोटींचं कर्ज काढून नेटवर्क बांधलं, चालवता आलं नाही आणि २०१३ मध्ये गूगलला १ डॉलरला दिलं, कर्ज मात्र गावाकडेच राहिलं, प्रत्येक घराच्या बिलात महिन्याला ५ डॉलर ३५ सेंट जोडून फेडावं लागलं. मालमत्ता गेली आणि हप्ता राहिला.

आणखी एक पद्धत आहे जी मला फार आवडते पण कमी लोकांना माहीत असते. आयडाहोतल्या अॅमनने एकेक भाग घेऊन त्याचा स्पेशल असेसमेंट जिल्हा म्हणजे वेगळी आकारणी लागणारा विभाग केला, ज्या घरमालकाला फायबर हवं त्याने हो म्हणायचं, त्याच्या वाट्याचा बांधकाम खर्च त्याच्या मालमत्तेवर चढतो आणि तो वीस वर्षांच्या हप्त्यांत भरतो, ज्याला नको त्याला शून्य. फायबर गावाचं, इंटरनेट कंपनी घरमालकाने निवडायची, नाही आवडली तर बदलायची. यात कस्टमर येतील का हा प्रश्नच उरत नाही, ते आधीच सही करून बसलेले असतात.

काही ठिकाणी मोठं कर्ज मिळायच्या आधी लोकांकडूनच छोटं कर्ज उभं करतात. व्हरमाँटमधल्या ईसीफायबरने सुरुवातीला गावातल्याच लोकांकडून प्रॉमिसरी नोटवर म्हणजे परतफेडीच्या लेखी वचनावर पैसे घेतले, थोडं थोडं बांधत गेले, काही वर्षं धंदा चालवून दाखवला आणि मग २०१६ मध्ये बाँड बाजारात गेले. व्हरमाँटच्या कायद्यात अनेक गावं मिळून इंटरनेटसाठी एक जिल्हा म्हणजे वेगळी सामायिक संस्था करू शकतात आणि त्याला कर लावायचा अधिकार नाही, म्हणजे एखाद्या गावाच्या तिजोरीला हात लागत नाही. हळू जातं पण रात्री झोप लागते.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, नगरपालिकेच्या चालू खात्यातून तात्पुरते म्हणून पैसे उचलायचे. व्हरमाँटमध्येच बर्लिंग्टनने सिटीबँकेकडून ३ कोटी ३५ लाख डॉलरची लीज म्हणजे भाडेकरार घेतला होता, ते पुरेना म्हणून शहराच्या सामायिक पैशातून जवळपास १ कोटी ७० लाख फायबरच्या धंद्यात गेले. कर्जदारांची पत ठरवणाऱ्या मूडीजने शहराचं रेटिंग खाली आणलं, बँकेने दावा ठोकला, आणि रेटिंग उतरलं की रस्त्याचं शाळेचं सगळंच कर्ज महाग होतं.

आता आकडेमोड, आणि ही स्वतः करा

कन्सल्टंटच्या फाईलमध्ये सुंदर आलेख असतात, पण ही आकडेमोड कौन्सिलच्या प्रत्येक मेंबरने हाताने करून बघितलीच पाहिजे. समजा ४,००० घरं आहेत आणि कर्ज १ कोटी डॉलर, वीस वर्षं, ४ टक्के, दर वर्षी सारखा हप्ता. वर्षाला साधारण ७ लाख ३६ हजार भरायचे. आता १०० पैकी ४० घरांनी कनेक्शन घेतलं तर १,६०० कस्टमर, म्हणजे नुसत्या कर्जापोटी प्रत्येकामागे महिन्याला ३८ डॉलर. ६० टक्के घेतलं तर साडेपंचवीस. २५ टक्केच आले तर ६१, आणि त्यावर पुन्हा बँडविड्थ, पगार, दुरुस्ती, कस्टमर केअर हे सगळं, म्हणजे ते बिल कोणी भरणार नाही आणि आलेले पण जातील. हेच कर्ज सगळ्या ४,००० घरांच्या घरपट्टीवर टाकलं तर महिन्याला पंधरा-सव्वापंधरा. हे चार आकडे शेजारी शेजारी लिहून गावसभेत दाखवा, भाषणाची गरज पडत नाही.

यात लोक तीन गोष्टी विसरतात. एक, बांधकामाची दोन-तीन वर्षं कमाई शून्य असते पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू, म्हणून त्या काळाचं व्याज कर्जातच धरावं लागतं. दोन, रेव्हेन्यू बाँडवाले बहुतेक वेळा साधारण एका वर्षाच्या हप्त्याएवढी राखीव रक्कम बाजूला ठेवायला लावतात, आणि खर्च जाऊन उरणारी कमाई हप्त्यापेक्षा निदान सव्वापट असावी अशी अट घालतात, म्हणजे आपल्या उदाहरणात ७.३६ नाही, ९.२ लाख उरले पाहिजेत. वकील, रेटिंग, बाँड विकणाऱ्याचं कमिशन हे वेगळंच. १ कोटीचं काम करायला कर्ज १ कोटी वीस लाखांच्या आसपास जातं ते असं, आणि मग वरचे सगळे आकडे पण वीस टक्क्यांनी वाढवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी आहे. रस्त्यावरून केबल नेणं हा एक खर्च आणि रस्त्यापासून घरात आणणं, आतलं मशीन बसवणं हा दुसरा, आणि हा दुसरा खर्च प्रत्येक नवीन कस्टमरमागे होतो. म्हणजे अंदाजापेक्षा जास्त लोक आले तर आनंद आहेच पण पैसे लवकर संपतात, लोक सही करून महिनोन् महिने वाट बघत बसतात आणि चिडतात. म्हणून बाँडच्या ठरावातच पुढच्या टप्प्याच्या कर्जाची परवानगी घेऊन ठेवा.

कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्याएवढी ठेवा. घर वीस वर्षांच्या कर्जावर घेतो, मोबाईल घेत नाही. केबल, पाइप, खांब हे वीस-पंचवीस वर्षांवर चालतं, पण राउटर आणि दोन्ही टोकांची इलेक्ट्रॉनिक्स सात-आठ वर्षांत जुनी होतात, ती लहान मुदतीच्या लीजवर किंवा बँकेच्या कर्जावर घ्या आणि बदलण्यासाठी दर वर्षी पैसे बाजूला टाकत चला, नाहीतर भंगारात गेलेल्या मशीनचे हप्ते भरत बसाल.

कस्टमर किती येणार याचा आकडा सर्व्हेवरून काढू नका. "स्वस्त फास्ट इंटरनेट हवं का" असं विचारलं तर कोण नाही म्हणणार आहे? थोडी रक्कम भरून नाव नोंदवायला सांगा, भागाभागाने टार्गेट ठेवा आणि ज्या भागाचं टार्गेट पूर्ण होईल तिथे आधी खोदा. कोलोराडोतल्या लॉन्गमाँटने वेगळी युक्ती केली, सेवा आपल्या भागात आल्यावर तीन महिन्यांच्या आत जो घेईल त्याला १ गिगाबिट ४९.९५ डॉलर महिना, आणि तो दर टिकणार. लोक अंदाजापेक्षा जास्त आणि लवकर आले, आणि लवकर येणं हेच कर्जासाठी महत्त्वाचं असतं.

कायदा आणि मतदान

आधी राज्याचा कायदा वाचा, मग इंजिनीअरला बोलवा. अमेरिकेत अनेक राज्यांनी नगरपालिकेला इंटरनेट विकायला आडकाठी घातलीये, नॉर्थ कॅरोलायनाने २०११ मध्ये इतक्या अटी घातल्या की नवीन गावाला जवळजवळ अशक्यच. कोलोराडोत २००५ पासून मतदान घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, तो कायदा २०२३ मध्ये गेला. लॉन्गमाँट २००९ मध्ये हरलं, २०११ मध्ये जिंकलं आणि बाँडसाठी २०१३ मध्ये परत लोकांकडे गेलं. लुइझियानातल्या लाफायेतमध्ये २००५ मध्ये ६२ टक्के लोकांनी हो म्हटलं, तरी केसेस चालल्या, बाँड विकायला २००७ उजाडलं आणि सेवा सुरू व्हायला २००९. म्हणजे वेळापत्रकात कोर्टासाठी दोन वर्षं धरून चला, आणि शक्य असेल तर दाव्याची मुदत संपेपर्यंत बाँड विकू नका, म्हणजे मॉन्टिसेलोसारखं घेतलेल्या पैशांवर व्याज चढत बसणार नाही.

करमाफीचा मुद्दा पण इथेच येतो. अमेरिकेत नगरपालिकेच्या बाँडवरच्या व्याजाला केंद्राचा इन्कम टॅक्स बहुतेक वेळा नसतो म्हणून ते स्वस्त पडतात, पण त्या पैशाने बांधलेल्या गोष्टीचा दहा टक्क्यांहून जास्त वापर खाजगी धंद्यासाठी झाला आणि फेडीचाही दहा टक्क्यांहून जास्त भाग त्यातूनच येत असेल तर ती सवलत जाऊ शकते. तुम्ही फायबर बांधून खाजगी कंपन्यांना भाड्याने देणार असाल, ज्याला ओपन ॲक्सेस म्हणतात, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी बाँडच्या वकिलाला विचारा, करार झाल्यावर नाही. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याने कमी सेवा असलेल्या भागातल्या ब्रॉडबँडसाठी खाजगी वापराच्या बाँडना पण सवलत उघडून दिलीये, मुख्य अट अशी की त्या भागातल्या अर्ध्याहून जास्त घरांना २५/३ मेगाबिट (डाउनलोड/अपलोड) मिळत नसावं आणि नवीन सेवा निदान १००/२० ची असावी. त्याच कायद्यात ४,२४५ कोटी डॉलरचा अनुदान कार्यक्रम आला. अनुदान मिळत असेल तर ते आधी घ्या, जितकं अनुदान तितकं कर्ज कमी, पण अनुदान मिळेलच असं धरून बाँड विकू नका.

स्टॉकहोमचं उदाहरण इथे सांगावंसं वाटतं. १९९४ मध्ये शहराने स्टोकाब नावाची कंपनी काढली, ती इंटरनेट विकतच नाही, फक्त रिकामं फायबर सगळ्या कंपन्यांना एकाच नियमाने भाड्याने देते. कर्ज भाड्यातून फेडलं जातं आणि कस्टमर केअरची डोकेदुखी शहराला नाही. मोठ्या शहरात हे उत्तम चालतं, भाडेकरू भरपूर असतात. दोन-चार हजार घरांच्या गावात भाड्याने घ्यायला कोण येणार ते आधी लेखी घ्या.

बाँड विकताना कोण कोणाचा माणूस

टेबलाभोवती बरेच लोक बसतात आणि सगळे गोड बोलतात. अंडररायटर बाँड तुमच्याकडून घेऊन पुढे विकतो, त्याचा फायदा व्यवहार होण्यात आहे. म्युनिसिपल ॲडव्हायझर मात्र २०१० च्या कायद्यानंतर तुमचंच हित बघायला कायद्याने बांधील आहे, म्हणून तो आधी नेमा आणि त्याची फी बाँड विकले तरच मिळेल अशी ठेवू नका, नाहीतर तो पण विकाच म्हणणार. व्यवहार कायदेशीर आणि करमुक्त आहे असं लिहून देणारा तो बाँडचा वकील. इंजिनीअरिंगचा अंदाज आणि मागणीचा अंदाज दोन वेगळ्या लोकांकडून घ्या, आणि दोघांपैकी कोणी पुढे बांधकामाचं टेंडर भरणार नाही हे लिहून घ्या.

डिझाइन, सर्व्हे यावर बाँडच्या आधीच पैसे जातात, ते नंतर बाँडच्या पैशातून परत घ्यायचे असतील तर तसा ठराव आधी करून ठेवा, अमेरिकेत बहुतेक खर्चांसाठी खर्च केल्यापासून ६० दिवसांच्या आत तो हेतू जाहीर झालेला लागतो. छोट्या गावाने थेट बाजारात जायची गरजही नसते, व्हरमाँट, मेनसारख्या राज्यांत बाँड बँक आहे, ती अनेक गावांची कर्जं एकत्र करून एक मोठा बाँड काढते, रेटिंग तिचं आणि खर्च वाटून. आणि करारात दहा वर्षांनी मुदतीआधी फेडायची मुभा घ्याच, व्याजदर उतरले किंवा धंदा स्थिरावला की नवीन स्वस्त कर्ज काढून जुनं फेडता येतं.

पैसे हातात आल्यावर

फायबरचं खातं वेगळं, पाण्याचं वेगळं, सामायिक खात्याला हात नाही. एका विभागाने दुसऱ्याला उसने दिले तर व्याज आणि तारीख लिहून, कौन्सिलच्या ठरावाने. करमुक्त बाँडचे पैसे साधारण तीन वर्षांत खर्च होतील असं दाखवावं लागतं, म्हणून खांबांच्या परवानग्या आधीच मार्गी लावा, दुसऱ्याच्या खांबावर जागा मिळवण्यात सगळ्यात जास्त महिने जातात. दर वर्षीचा हिशेब आणि काही बिघडलं तर त्याची बातमी गुंतवणूकदारांसाठीच्या ठरलेल्या साइटवर टाकावी लागते, ती वेळेवर टाका, उशीर झाला तर पुढच्या कर्जाच्या वेळी तोच उशीर पुढे येतो. आणि पहिली तीन वर्षं दर महिन्याला कौन्सिलच्या मीटिंगमध्ये चार आकडे मोठ्याने वाचायला लावा, किती घरांसमोरून केबल गेली, किती घरं जोडली, किती सोडून गेली आणि पुढच्या हप्त्यासाठी खात्यात किती आहेत.